फिल हार्टमनची आठ वर्षं, मौनात बघितलेली

मी पोटापाण्यासाठी डबिंग करते. कार्टूनमधली लहान मुलं, खडूस आज्या, मध्येच एखादी बोलकी खार. मागच्या वर्षी स्वरतंतूंवर गाठी आल्या आणि डॉक्टरांनी तीन आठवडे पूर्ण मौन सांगितलं. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानेही ताण पडतो म्हणाले. घरच्यांशी वहीत लिहून बोलायचं. माझी अवस्था बघून मुलीने एका व्हिडिओ सेवेची वर्गणी भरून दिली. तिथे अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चे जुने सीझन हाती लागले, आणि त्यांत विनोदी नट, नकलाकार फिल हार्टमन. १९८६ ते १९९४, त्याचे आठ सीझन, दीडशेच्या आसपास भाग. तीन आठवड्यांत ते संपणं शक्यच नव्हतं. पुढे आवाज परत आला तरी मी रोज रात्री एखाद-दुसरा भाग लावत राहिले आणि पाच महिन्यांत सगळे संपवले. हे परीक्षण त्या संग्रहाचं. पण आधी त्या माणसाबद्दल सांगायला हवं, कारण हा संग्रह घ्यायचा तो त्याच्यासाठीच.

कार्यक्रम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कमधल्या एनबीसी या टीव्ही वाहिनीच्या ८एच स्टुडिओतून शनिवारी रात्री साडेअकराला दीड तास थेट प्रक्षेपण. पहिला भाग ११ ऑक्टोबर १९७५ ला झाला. दर वेळी नवा पाहुणा आणि त्या आठवड्याच्या बातम्यांवरून लिहिलेली नवी स्किट्स, म्हणजे छोटे विनोदी प्रवेश. मंगळवारी रात्रभर जागून लेखन, बुधवारी सगळ्यांसमोर वाचन, शनिवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम. तिथे काही स्किट्स गळतात आणि उरलेली रात्री थेट जातात. मला एका वाक्याला सहा-सहा टेक मिळतात, तरी सातवा मागावासा वाटतो. या लोकांना एकच.

हार्टमन तिथे पोचला तेव्हा ३८ वर्षांचा होता. हे मला फार मोलाचं वाटतं. या कार्यक्रमात विशीतली, तिशीच्या उंबरठ्यावरची मुलं येतात. हा आला तो एक अख्खा धंदा करून. जन्म १९४८ चा, कॅनडातल्या ब्रँटफर्डचा, पण लहानपणीच घर अमेरिकेत गेलं. तरुणपणी तो ग्राफिक डिझायनर होता. ‘पोको’, ‘अमेरिका’ अशा बँडच्या रेकॉर्डची कव्हरं त्याने केलेली आहेत. १९७५ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या ‘ग्राउंडलिंग्ज’ नावाच्या मंडळीत शिरला. तिथे संहिता नसताना, प्रेक्षकांनी दिलेल्या एखाद्या शब्दावरून प्रवेश उभा करायची सवय लागते. पुढे याच मंडळीतला त्याचा दोस्त जॉन लोविट्झ त्याच्या आधी एक वर्ष न्यूयॉर्कला पोचला. तो १९८५-८६ चा सीझन इतका पडला की कार्यक्रम बंद पडायची वेळ आली. निर्माते लॉर्न मायकल्स यांनी बहुतेकांना निरोप दिला, लोविट्झसारखे मोजके ठेवले आणि नवी माणसं आणली: हार्टमन, डेना कार्वी, जॅन हूक्स, केव्हिन नीलन, व्हिक्टोरिया जॅक्सन. कार्यक्रम सावरला तो या संचाने.

डिझायनरची ती जुनी नोकरी त्याच्या नकलांत मला जागोजागी दिसते. चांगलं बोधचिन्ह काढणारा रेघा खोडत जातो आणि जिच्यावाचून चित्र ओळखू येणार नाही तेवढी एक ठेवतो. हार्टमनही तसंच करतो. मेकअप बेताचा, विग कित्येकदा साधारण, आणि तरी माणूस समोर उभा.

नक्कल पारखायची माझी एक पद्धत आहे. आधी डोळे मिटून नुसतं ऐकायचं, मग आवाज बंद करून नुसतं बघायचं. बहुतेक नकलाकार यातल्या एका परीक्षेत पडतात. आवाज हुबेहूब असतो, पण शरीर स्वतःचंच राहतं. नाहीतर चेहरा वेडावाकडा करून हशा घेतात आणि डोळे मिटले की तिथे कोणीच नसतं.

हार्टमनची पहिली परीक्षा मी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या नकलेवर घेतली. भाग ६ डिसेंबर १९८६ चा, म्हणजे त्याला कार्यक्रमात येऊन दोन महिनेही झाले नव्हते. इराणला चोरून शस्त्रं विकायची आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांकडे वळवायचा, हे प्रकरण नोव्हेंबरात उघडकीला आलं होतं. देशभर एकच प्रश्न होता: राष्ट्राध्यक्षांना हे ठाऊक होतं की नव्हतं? स्किटमध्ये पत्रकारासमोर रेगन गोड, विसराळू आजोबा आहेत. पत्रकार गेला, दार लागलं, की तेच आजोबा सहकाऱ्यांना फैलावर घेतात, नकाशावर बोट ठेवून कुठल्या देशातून पैसा कसा फिरवायचा ते समजावतात, फोन उचलून परक्या भाषांत सौदे करतात. मध्येच स्काउटची एक लहान मुलगी फोटोसाठी येते आणि क्षणात आजोबा परत.

हे डोळे मिटून ऐका. आजोबांच्या आवाजात शब्दाआधी थोडी हवा सुटते, वाक्य मान कलल्यासारखं एका बाजूला झुकतं, आणि शेवटी स्वर विरतो. दार लागल्यावर हार्टमन आवाज बदलत नाही! मला वाटलं होतं आता जाड, दरडावणीचा सूर लावेल, कारण स्टुडिओत आमच्याकडून नेहमी तेच करून घेतात, ‘आता व्हिलन दे’. त्याने फक्त ती हवा काढून घेतली आणि लय दुप्पट केली. गळा तोच, माणूस तोच, फक्त त्याने पांघरलेलं म्हातारपण उतरवून ठेवलं. मी ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. सुरुवातीच्या काळात एका ध्वनिमुद्रकाने मला सांगितलं होतं, ‘आवाज काढू नकोस गं, माणूस काढ.’ त्याचा अर्थ मला इतक्या वर्षांनी, तोंड बंद असताना कळला.

दुसरी परीक्षा क्लिंटनची, ५ डिसेंबर १९९२. क्लिंटन निवडून आले होते, पण शपथ व्हायची होती. आदल्याच दिवशी मावळते अध्यक्ष बुश यांनी सोमालियात सैन्य पाठवत असल्याचं जाहीर केलं होतं. तिथे दुष्काळग्रस्तांसाठी पाठवलेलं धान्य टोळीवाले मध्येच पळवत होते. स्किटमध्ये क्लिंटन पळायला बाहेर पडतात आणि दम खायला मॅकडोनाल्ड्समध्ये शिरतात. लोकांत मिसळायचं म्हणून एकेका टेबलाशी जाऊन बोलतात आणि बोलता बोलता दुसऱ्याच्या ताटातलं खातात. मग एकजण सोमालियाबद्दल विचारतो. क्लिंटन लोकांच्या पुढ्यातले पदार्थ घेऊनच समजावायला लागतात: ही आपली मदत, हा टोळीवाला, आणि टोळीवाल्याने मदत अशी मध्येच अडवली. अडवली म्हणताना घास तोंडात.

आवाज बंद करून मी हे चार वेळा बघितलं. मूठ वळून वर अंगठा टेकवायचा आणि त्या अंगठ्याने मुद्दा पुढे सरकवायचा. खालचा ओठ दातांत धरून समोरच्याचं दुःख ऐकायचं. आणि ऐकत असताना नजर मात्र त्याच्या बटाट्याच्या कापांवर! हात आधी जातो, नजर मग वर येते, तोवर घास गेलेला. विनोद सगळा या क्रमात आहे. क्रम उलटा केला असता तर तो नुसता खादाड माणूस झाला असता. इथे तो भला माणूस आहे, मनापासून बोलतोय, आणि भूक त्याला आवरत नाही. क्लिंटन यांच्या चाहत्यालाही ते पटेल आणि विरोधकालाही. नक्कल करताना त्या माणसाबद्दल थोडी माया असावी लागते, आणि हार्टमनकडे ती सगळ्यांसाठी होती असं मला पाच महिने जाणवत राहिलं.

मग डोळे मिटून ऐकलं. प्रचाराच्या त्या वर्षात क्लिंटन यांचा घसा बसलेला असायचा, आणि हार्टमनने तो घोगरेपणाच मुख्य धरला. माझ्या गळ्याची तेव्हा जी दशा होती तिच्यामुळे ऐकताना आधी भीतीच वाटली की हा गळा फाडतोय. पण नीट कान दिला तर तो कुठेही घसा आवळत नाही. हवा सैल सोडतो, स्वर खाली ठेवतो, आणि आपल्याला वाटतं की घसा बसलाय. आवाजाच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हे ऐकावं. मी आता घोगरी आजी अशीच करते आणि रात्री घसा दुखत नाही.

एवढं असूनही आठ वर्षांत मला सगळ्यात आवडलेली त्याची नक्कल एड मॅकमहन यांची आहे. जॉनी कार्सन यांच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात मॅकमहन तीस वर्षं शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांचं काम म्हणजे कार्सन यांच्या विनोदाला हसणं आणि हो ला हो करणं. इथे कार्सन डेना कार्वी करतो, आणि सगळा मजकूर त्याचाच. हार्टमनच्या वाट्याला एक गडगडाटी हसू आणि अधूनमधून ‘बरोबर बोललात, सर’ एवढंच. दुसरा नट असता तर काहीतरी जोडलं असतं, खुर्चीत चुळबूळ केली असती. हा स्थिर बसतो आणि कार्वीचं वाक्य पुरतं खाली पडू देतो, त्यानंतरच हसतो. त्या हसण्यामुळे कार्वीचा विनोद दुप्पट मोठा होतो. संचातली मंडळी हार्टमनला ‘ग्लू’, म्हणजे डिंक म्हणत, ते अशा प्रवेशांमुळे. तो कोणाची जागा खात नाही. एखादं स्किट पडायला लागलं की बघावं, त्यात हार्टमन साध्या वकिलाच्या, निवेदकाच्या, बापाच्या कामात असेल तर तो एका खणखणीत वाक्याने गाडी रुळावर आणतो. १९८९ मध्ये त्याला आणि सहलेखकांना एमी, म्हणजे टीव्हीचा पुरस्कार, मिळाली ती अभिनयाची नाही, लेखनाची.

जॅन हूक्स बरोबर असली की त्याचं काम आणखी फुलतं. तो क्लिंटन तर ती हिलरी, तो टीव्हीवरचा धर्मोपदेशक जिम बेकर तर ती त्याची बायको टॅमी फे. १९८८ मधली एक छोटी, संथ, चित्रपटासारखी फिल्म आहे, त्यात दोघं नुसती नाचतात. विनोद जवळपास नाहीच. २०१४ च्या ऑक्टोबरात हूक्स गेली, तेव्हा त्या आठवड्याच्या भागात तीच फिल्म पुन्हा दाखवली. त्याने केलेला गायक फ्रँक सिनात्रा मात्र मला थोडा एकसुरी वाटला. जानेवारी १९९१ मधलं, सिनात्राला सूत्रधार करून केलेलं चर्चेच्या कार्यक्रमाचं विडंबन बहारदार आहे, बाकीच्यांत तोच तापटपणा पुन्हा पुन्हा येतो.

आता सेवेबद्दल, कारण पैसे तिला द्यायचे आहेत.

चित्र जसं जुन्या टीव्हीचं असतं तसं आहे, थोडं मऊ. त्याला माझी तक्रार नाही. आवाज स्वच्छ आहे, हेडफोनवर प्रेक्षकांतला एकेकाचा हसायचा सूर वेगळा ऐकू येतो. दहा सेकंद मागे जायचं बटण उत्तम चालतं; मी ते शेकडो वेळा दाबलं असेल. अभ्यास म्हणून बघणाऱ्याला एवढं बटण चांगलं असलं की निम्मं काम झालं.

पण भाग पुरे नाहीत. दीड तासाच्या कार्यक्रमातल्या जाहिराती काढल्या तर तासाभराहून जास्त मजकूर उरायला हवा. माझ्याकडे कित्येक भाग चाळीस मिनिटांचे निघाले, काही तर त्याहून तोकडे. गाणी कापलेली आहेत, ते हक्कांमुळे असतं हे मी समजू शकते. पण स्किटमध्ये मागे एखादी धून वाजली म्हणून सगळं स्किटच उडवलेलं असतं, आणि उडवलंय असं कुठेही लिहिलेलं नसतं. मी एका भागात अर्धा तास शोधत बसले, मग कळलं की मला हवं होतं ते तिथे नाहीच. ग्राहक विभागाला लिहिलं. उत्तरात ‘आपला अभिप्राय आम्हाला महत्त्वाचा आहे’ आलं, त्यानंतर काही नाही. ज्या भागाला कात्री लावली त्यावर ‘संक्षिप्त’ एवढा एक शब्द लिहिणं अवघड नव्हतं. जुनं काम जपून ठेवल्याचा मोबदला तुम्ही माझ्याकडून घेता, मग काय जपलं आणि काय टाकलं ते मला सांगायलाच हवं.

शोधही लंगडा आहे. हार्टमनचं नाव टाकलं की सीझनची यादी येते, स्किट सापडत नाही. शेवटी मी वहीच केली: सीझन, भाग, कितव्या मिनिटाला काय. इंग्रजी उपशीर्षकं आहेत, पण थेट प्रक्षेपणातलं भराभर बोलणं त्यांना झेपत नाही. दोघं एकदम बोलले की एकाचं वाक्य गायब, माणसांची नावं चुकीची. मौनात असताना मला कधीकधी आवाज लहान ठेवून वाचायचं असायचं, तेव्हा याचा फार त्रास झाला. १९८६ किंवा १९९२ चं अमेरिकेतलं राजकारण ज्याला ठाऊक नाही त्याने भाग लावायच्या आधी पाच मिनिटं वाचून घ्यावं, नाहीतर निम्मे लोक का हसताहेत तेच कळत नाही. उदाहरणार्थ ॲडमिरल स्टॉकडेल. १९९२ मध्ये अपक्ष उमेदवार पेरो यांच्या जोडीला ते उपाध्यक्षपदासाठी उभे होते आणि वादसभेत गोंधळून गेले होते. हे माहीत नसेल तर पेरो त्यांना गाडीतून फिरायला नेऊन वाटेत सोडायला बघतात, यातली गंमतही हाती लागत नाही आणि हार्टमनने त्या वृद्ध सैनिकाला दिलेला भाबडेपणाही.

डबिंगवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. याच वर्षांत, १९९१ पासून, हार्टमन ‘द सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेतही आवाज देत होता: उतरणीला लागलेला नट ट्रॉय मॅक्लूर आणि कामचुकार वकील लायनेल हट्झ. मी दोन्ही लागोपाठ ऐकले. मॅक्लूर बोलताना छाती पुढे काढून उभा आहे हे नुसत्या आवाजातून दिसतं. हट्झ तोच गळा वापरतो, पण त्याची वाक्यं घाईत पुढे पळतात, पकडलं जाण्याआधी निघून जावं तशी. २८ मे १९९८ ला राहत्या घरात पत्नीने हार्टमनची हत्या केली. तो ४९ वर्षांचा होता. त्यानंतर मालिकेने ही दोन्ही पात्रं दुसऱ्या कोणाला दिली नाहीत, बंदच केली. आमच्या धंद्यात कलाकार बदलला की दुसऱ्या दिवशी नवा गळा हजर असतो. एका आवाजासाठी अशी जागा रिकामी ठेवलेली मी क्वचितच पाहिली आहे.

तर वर्गणी घ्यावी का? नुसतं हसायला हवं असेल तर दोन महिन्यांची घ्या, तेवढ्यात निवडक बघून होईल. अभिनय, मिमिक्री, निवेदन, डबिंग यांतलं काही करत असाल तर वर्षाची घ्या आणि वही घेऊन बसा. कापलेल्या भागांचा राग येईल, तरी घ्या. १९८६ च्या ऑक्टोबरातल्या पहिल्या भागापासून क्रमानेच बघा असं मी म्हणणार नाही. आधी रेगन, मग क्लिंटन, मग कार्सन-मॅकमहनचं कुठलंही एक, आणि त्यानंतर पहिल्या सीझनकडे या. म्हणजे सुरुवातीच्या भागांत मागे उभा राहून दोनच वाक्यं बोलणारा तो चौकोनी जबड्याचा माणूस तुम्हाला दिसायला लागेल.

मे १९९४ चा शेवटचा भाग मात्र शेवटीच ठेवा. त्यात सगळा संच निरोपाचं गाणं म्हणत एकेक करून निघून जातो. पायरीवर हार्टमन उरतो आणि त्याच्या कुशीत आपल्या गाजलेल्या पात्राच्या वेषात झोपलेला, संचातलाच क्रिस फार्ली. आठ वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यांनी बोललेला हार्टमन इथे स्वतःच्या आवाजात बोलतो. फार्लीला एका हाताने सांभाळत तो प्रेक्षकांचा निरोप घेतो आणि दिवे मंदावतात. माझ्या सेवेवर हा प्रसंग कापलेला नाही. भागाच्या अगदी शेवटच्या दोन मिनिटांत आहे. श्रेयनामावली सुरू व्हायच्या आत पुढचा भाग आपोआप लागतो, तेव्हा ती सोय आधी बंद करून ठेवा.